तिसरी चिठ्ठी

फलकावर रिम्माच्या नंबरापुढे दुसरा लाल ठिपका लागला तेव्हा चौदा किलोमीटर झाले होते. सहा उरले होते. तिसरा ठिपका लागला की खेळ खलास. चालण्याच्या शर्यतीत एक पाय सतत जमिनीवर हवा आणि टेकलेल्या पायाचा गुडघा ताठ हवा. चुकलात की पंच चिठ्ठी लिहितो आणि फलकावर ठिपका लागतो. चिठ्ठीवर कारणाची एक छोटी चौकट असते. पाय उचलले तर नागमोडी रेघ, गुडघा वाकला तर कोन. तिसरी खूण नाही.

कंबर हलवत भरभर चालणाऱ्या बायका पाहून इतरत्र लोक हसतात. रशियातल्या आमच्या मोर्दोवियात कुणी हसत नाही. इथे घरटी एक चालणारं निघतं. फुटपाथवर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेल्या बायकांनाही सगळे नियम तोंडपाठ.

"पाय टेकव गं रिम्मा, लग्नात नाचायला निघालीस का?" एकीने हाळी दिली.

"तू नको शिकवूस तिला. दुकानापर्यंत जायचं तर तीनदा बसतेस," दुसरी म्हणाली.

रिम्मा दुसऱ्या नंबरावर होती. पहिल्या दोघींना राष्ट्रीय संघात जागा मिळणार होती. वय एकतीस. ही संधी गेली की पुढच्या वर्षी तिला कुत्रंही विचारणार नव्हतं. सतरा वर्षं ती फक्त चालत आली होती, दुसरं काही तिला येतच नव्हतं.

तिचा प्रशिक्षक गेन्नादी सावेलिच कठड्याला रेलून उभा होता. रोज संध्याकाळची सुई तोच टोचायचा. त्या सुईला तो व्हिटॅमिन म्हणायचा आणि कुणी जास्त विचारायचं नाही. शर्यतीच्या सकाळी मुलींच्या ओठांना लाल लिपस्टिकही तोच लावायचा, स्वतःच्या हाताने. "टीव्हीवाले आलेत, जरा माणसात दिसा," म्हणायचा. गावात त्याच्या मुलींना लाल चोचीवाल्या म्हणत.

उल्यानाही लाल चोचीवालीच. दोन वर्षांपूर्वी वसतिगृहात, रिम्माच्या शेजारच्या पलंगावर, ती झोपेतच गेली. तेवीस वर्षांची होती. हृदय थांबलं, एवढंच कागदावर लिहिलं गेलं. मोर्दोवियाच्या संघातली तिची जागा रिम्माला मिळाली. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला रिम्मा गेली होती. धिरडी खाऊन झाल्यावर उल्यानाची आई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली.

"तो तुमचे ओठ का गं रंगवतो?"

"टीव्हीसाठी, क्लावा मावशी," रिम्मा म्हणाली. ती बशी धूत राहिली. मान वर करण्याची तिची हिंमत झाली नाही.

तीच क्लावा मावशी, म्हणजे क्लावदिया पेत्रोव्हना, आज वळणावर चिठ्ठ्यांचं पुस्तक घेऊन उभी होती. वीस वर्षं पंच होती, आणि वीस वर्षांत तिची एकही चिठ्ठी खोटी ठरली नव्हती. एका पंचाला एकीविरुद्ध एकच चिठ्ठी देता येते. दोघांच्या देऊन झाल्या होत्या. उरलेल्यांत रिम्माला भीती होती ती हिचीच. पोटची पोर गेली, तिच्या जागी मी चालतेय, ही मला सोडेल कशाला?

सोळाव्या किलोमीटरला ऊन टाळूत शिरलं. एवढ्या उन्हात बोटं मात्र गार पडली होती. छातीत कुणी मूठ आवळत असल्यासारखं होत होतं. रिम्माने पाण्याच्या टेबलावरचा ओला स्पंज उचलला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा खसाखसा पुसला.

"तोंड नको पुसू, गाढवे! तोंड नको!" गेन्नादी सावेलिच ओरडला.

बाकीचे सगळे प्रशिक्षक पायांबद्दल ओरडत होते.

वळण आलं. रिम्माने वेग उतरवला. टाच, तळवा, बोटं, एकेक पाऊल जमिनीवर मोजून ठेवलं. इतकी स्वच्छ ती आयुष्यात चालली नसेल. क्लावदिया पेत्रोव्हना तिच्याकडे टक लावून पाहत होती. ती नजर रिम्माला सोसवेना. पुढे गेल्यावर राहवलं नाही म्हणून तिने मागे पाहिलं. म्हातारी लिहीत होती.

चिठ्ठी सायकलवरून मुख्य पंचाकडे गेली. त्याने ती वाचली. चष्मा सारखा करून पुन्हा वाचली. मग समोरून येणाऱ्या रिम्माकडे पाहिलं. पायांकडे नाही, तोंडाकडे. आणि शर्यतीतून बाद केल्याची लाल पाटी उचलली.

अठरा किलोमीटर झाले होते. रिम्मा रस्त्याच्या कडेलाच बसली. उठता येईना, तरी उठली. रडत, धापा टाकत ती मुख्य पंचाच्या टेबलापाशी पोचली तेव्हा क्लावदिया पेत्रोव्हना वळणावरची जागा दुसऱ्याला देऊन तिथे आलेली होती.

"माझे पाय जमिनीवर होते, मावशी."

"होते," क्लावदिया पेत्रोव्हना म्हणाली.

"मग सूड उगवलात ना? आता बरं वाटलं?"

पलीकडून गेन्नादी सावेलिच गर्दीतून वाट काढत येत होता. एक हात खिशात, काहीतरी चाचपत. मुख्य पंचाने चिठ्ठी रिम्मापुढे सरकवली.

"तक्रार कर पोरी, हवी तर. तू जिंकशील. असलं कारण कुठल्याच नियमात बसत नाही."

रिम्माने चिठ्ठी उचलली. नंबर तिचाच होता. वेळ बरोबर होती. कारणाच्या चौकटीत नागमोडी रेघ नव्हती, कोनही नव्हता. तिथे दाटीवाटीने दोनच शब्द लिहिले होते.

ओठ निळे.