कॉरिनचा खोडा

सातवीला इतिहासात इंग्रजांच्या अमलाखालची अमेरिका होती. प्रत्येकाने त्या काळातली एक वस्तू घरी बनवून आणायची होती. आम्ही बाकीच्यांनी मेणबत्त्या नाहीतर पुठ्ठ्याच्या बंदुका आणल्या. कॉरिनने आणला खोडा. पूर्वी गुन्हेगाराची मान आणि मनगटं अडकवून त्याला भर चौकात उभं करायचे, तसला. चांगला जाडजूड, ओकच्या लाकडाचा, कडीकुलपासकट.

फोटोसाठी रांग लागली. लिंडक्विस्ट सरांची मान काही त्यात मावेना. आमच्या मात्र बरोब्बर बसल्या.

“भोकांच्या कडा काय गुळगुळीत केल्यास गं! किती दिवस घासत होतीस?” सरांनी विचारलं.

“घासल्या नाहीत, सर,” कॉरिन म्हणाली. “वापरून वापरून तशा झाल्यात.”

अख्खा वर्ग खो खो हसला. सरांनी तिला पहिला नंबर देऊन टाकला. “हा आता वर्गातच राहू दे,” ते म्हणाले.

“कायमचा?” कॉरिनने विचारलं. तिला इतकं खूश आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

शाळा सुटताना तिचे वडील ट्रक घेऊन आले. टोपी काढून अदबीनं म्हणाले, “इथे नको ठेवायला, सर. आम्हाला घरी लागतो. धाकटी आता याच्या उंचीला आलीय.”

“वा! म्हणजे तिचाही पहिला नंबर नक्की!” सर हसले, आणि खोडा ट्रकमध्ये चढवायला दुसरं टोक त्यांनीच धरलं.