पिवळ्या चिठ्ठीचं सामान

“अरे, ती बादली ठेव खाली! आत कचरा आहे.”

मुकादम ओरडला, तोवर त्याच्या माणसाने बादलीला अर्धा कागद गुंडाळलाही होता. दारात उभी असलेली मेजरसाहेबांची मुलगी फिस्सकन हसली. साहेब तिला खारू म्हणत. पुढचे दोन दात मोठे, आणि एका जागी बसणं माहीत नाही.

“हसतेस काय? मागे आमच्या या शहाण्यांनी भरलेली कचऱ्याची बादली खोक्यात घालून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचवली होती. त्या घरच्या बाईंनी मोठ्या हौसेने खोकं उघडलं!”

“मग?”

“मग काय, माझा उद्धार झाला. आमच्या लोकांपुढे जे हलत नाही, ते पॅक होतं.”

“माणूससुद्धा?”

“राहा बघू न हलता उभी!”

खारू टुणकन बाजूला झाली.

फौजी लोकांची घरं हलवण्यात मुकादमाचे केस पांढरे झाले होते. घरात मूल असलं की तो आधी त्याला हाताशी धरी. एक तर ते पायात येत नाही. आणि खरं सांगायचं तर, त्याला शिकवायला आवडे. त्याने खारूपुढे तीन रंगांच्या चिठ्ठ्या ठेवल्या.

“हिरवी लावली की सामान ट्रकमधून साहेबांच्या नव्या घरी. लाल म्हणजे माणसाबरोबर जाणारं. ते न्हाणीघरात ठेवून दार लावायचं, तिथे आमचा हात लागत नाही. आणि पिवळी म्हणजे गोदाम.”

“गोदामात काय टाकतात?”

“टाकत नाहीत गं, ठेवतात. हवं तर असतं, पण आत्ता नेता येत नाही, असं. मालक परत आला की सोडवून नेतो.”

“आणि विसरला तर?”

“म्हणून तर पिवळीवर मालकाचं नाव लिहायचं. नाव असलेली वस्तू हरवत नाही. माझी तरी आजवर हरवली नाही.”

खारूने मान डोलावली आणि पेन्सिलीला टोक काढायला बसली.

बैठकीच्या कोपऱ्यात पायाचं शिवणयंत्र होतं. सुईखाली फ्रॉकची एक बाही अर्धवट शिवलेली. खारूची आई गेल्यापासून ती तिथून कुणी काढली नव्हती.

“हे गोदामात,” साहेब म्हणाले. “या वेळी वजन कमी मिळालंय. चढणीचा रस्ता आहे.”

मुकादमाने मान हलवली. हुद्दा आणि ठिकाण बघून सामानाचं वजन ठरतं, हे त्याला नवीन नव्हतं. काट्यावर गाडी जड भरली की सामान उतरवावं लागतं. तिथे कुणाची ओळख चालत नाही. त्यात हे यंत्र बिडाचं.

“नाही,” खारू म्हणाली. “आईचं मशीन बाबांबरोबर जाईल.”

“खारू, हट्ट करायचा नाही.”

“हट्ट नाही. मुकादमकाका, तेवढ्याच वजनाचं दुसरं काढलं तर चालेल?”

“चालेल की. पण काढणार काय?”

ती तडक आतल्या खोलीत गेली. सायकलला पिवळी चिठ्ठी. अभ्यासाच्या टेबलाला पिवळी. पुस्तकांच्या खोक्याला, बाहुलीच्या घराला, खिडकीजवळच्या तिच्या पलंगाला. प्रत्येक चिठ्ठीवर तिने जीभ बाहेर काढून, वळणदार अक्षरात आपलं नाव घातलं.

“अगं, पलंग तरी राहू दे,” मुकादम म्हणाला. “तिकडे झोपशील कशावर?”

“माझं काय, मी कुठेही झोपते.”

साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मदतीला आलेली आत्या स्वयंपाकघरात गेली आणि धुवायला एकही भांडं उरलं नव्हतं, तरी नळ सोडून उभी राहिली.

काट्याचं गणित बसलं. मुकादमाने स्वतःच्या हाताने यंत्राला घोंगडी गुंडाळली. बाही काढायला गेला, तशी खारूने त्याचा हात धरला. मग बाहीसकटच बांधलं. हिरवी चिठ्ठी तिने लावली.

“साहेब, लाखात एक पोर आहे,” मुकादम बाहेर येऊन म्हणाला. “आईच्या आठवणीसाठी आपलं सगळं सोडलंन.”

“हो,” साहेब म्हणाले. “तिच्याशी जरा बोलायचंय मला. सकाळपासून बोलेन म्हणतोय. सामान एकदा हलू दे.”

कौतुक करायचं असेल, असं मुकादमाला वाटलं.

न्हाणीघरात लाल चिठ्ठ्यांचं सामान थोडंच होतं: साहेबांची पेटी, वळकटी, दाढीचा डबा.

“आणि तुझी पिशवी गं?” त्याने विचारलं.

“आत्याच्या गाडीत ठेवली.”

स्टेशनवर आत्याच सोडणार असेल. मुकादमाने आणखी विचारलं नाही.

ट्रक भरला. दोऱ्या आवळून झाल्या. घर सोडण्याआधी प्रत्येक दारामागे एकदा डोकावायचं, ही मुकादमाची जुनी सवय. दारामागे हमखास काहीतरी राहतंच. तो खोल्या बघत बघत आतल्या खोलीशी आला. पलंगाच्या जागी फरशीवर चार पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या.

दारामागे खारू उभी होती. हात अंगाला चिकटवलेले, डोळे गच्च मिटलेले.

“काय गं, करू का पॅक?” तो हसून म्हणाला.

ती हसली नाही. हललीही नाही.

मागून साहेबांच्या बुटांचा आवाज आला आणि उंबऱ्याशी थांबला. “खारू,” ते म्हणाले, “तुला एक सांगायचं होतं, बाळा...”

मुकादम खाली वाकला. तिच्या फ्रॉकवर, छातीपाशी, एक पिवळी चिठ्ठी होती. मालकाच्या जागी, वळणदार अक्षरात, तिने लिहिलं होतं: बाबा.