इकडे दुर्लक्ष करावे

बाळांनो, अशी कल्पना करा की लिफ्टला अक्कल शिकवायचं काम तुमच्या आईकडे आहे. भिंगरीच्या आईकडे ते होतं. लिफ्टने केव्हा थांबायचं, दार केव्हा लावायचं, सगळं ती ओळीओळीने कॉम्प्युटरवर लिहायची. आज दुपारी तिचा नवा प्रोग्राम त्यांच्याच इमारतीच्या बंद लिफ्टमध्ये बसणार होता, आणि दुखरे गुडघे घेऊन पाचव्या मजल्यावर अडकलेली आजी एकदाची खाली, त्यांच्या तळमजल्यावरच्या घरी येणार होती.

आईचं लिखाण तपासायला कॉम्प्युटरमध्येच एक तपासनीस होता. प्रोग्राम चालवून बघायचा नाही, नुसता वाचायचा आणि चुका काढायच्या. खेळ सुरू व्हायच्या आधीच ‘पडशील गं’ म्हणणाऱ्या आत्यासारखा. आज त्याने एका ओळीखाली लाल रेघ ओढली: दार पुरतं लागण्याआधीच लिफ्ट सुटू शकते.

“असं कधी होत नाही,” आई म्हणाली. “याला शंका काढायची खोडच आहे.” आणि त्या ओळीच्या डोक्यावर तिने तपासनिसासाठी लिहून टाकलं: इकडे दुर्लक्ष करावे.

लाल रेघ गायब.

“चूक गेली?” भिंगरीने विचारलं.

“रेघ गेली.”

“आणि चूक?”

“तू आधी दूध पी. साय धरली बघ त्याच्यावर.”

भिंगरीने सायीकडे पाहिलं. मग कागद आणि डिंक घेऊन ती बाहेर सटकली.

थोड्या वेळाने आजीचा फोन आला. “अगं, लिफ्टच्या दारावर कागद आहे. ‘इकडे दुर्लक्ष करावे.’ अक्षर आपल्या भिंगरीचं दिसतंय. दुपारी मी लिफ्टने येऊ की नको?”

‘खुशाल ये’ म्हणायला आईने तोंड उघडलं. मग ते मिटून तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं.

“जरा थांब, आई,” ती म्हणाली आणि पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसली. ते तीन शब्द पुसले. लाल रेघ परत हजर. मग आईने खाली नवी ओळ लिहिली: दार लागल्याची खूण मिळाल्याशिवाय जागचं हलायचं नाही. या वेळी रेघ आपली आपणच गेली.

“आता खुशाल ये,” आईने फोनवर सांगितलं. “आणि भिंगरे, तो कागद आधी काढून आण.”

भिंगरी धापा टाकत पाच मजले चढली. कागद अलगद सोडवला, फाटू न देता खाली आणला आणि दुधाच्या ग्लासावर चिकटवला.