सातवं घर

काचेच्या गर्भपेटीत जन्मलेलं मांजराचं ते पिल्लू डॉक्टर शाल्मलींनी टोपलीतून आणलं, तेव्हा द्वारकाबाईंनी दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

"आई, आपल्या घरातले जंतू लागतील त्याला," सून मृणाल म्हणाली.

"लागू देत, त्यासाठीच आणलंय," डॉक्टर हसल्या.

पेटीतल्या पिल्लांना आईची जीभ लाभत नसे. आतड्यांत चांगले जंतूच नसल्याने दूध पचेना आणि पिल्लं सुकून जात. म्हणून दवाखान्याने मांजरांची जुनी रीत उचलली होती, पिल्लांना सात घरं फिरवायची. पण आधीच्या सहा घरांतल्या फरश्या औषधाने पुसलेल्या होत्या. पिल्लाचं पोट फुगलेलंच राहिलं. आता हे शेवटचं घर.

इथे अंगणात माती होती, आणि गोधडीवर म्हातारी ठमी होती. आईच्या पोटातून जन्मलेली गावातली ती शेवटची मांजर.

ठमी पिल्लाला हुंगून फिस्कारली.

"ठमे, तुझ्या आईने तुला माझ्याच फडताळात आणून ठेवलं होतं. विसरलीस होय गं?" द्वारकाबाई म्हणाल्या.

ठमीने पंजाने पिल्लू जवळ ओढलं आणि त्याचं पोट चाटायला घेतलं.

आठवड्याने डॉक्टरांनी पिल्लू उचललं, तशी त्याने त्यांच्या पांढऱ्या कोटावरच शी केली.

"शी! घाण!" मृणाल किंचाळली.

डॉक्टरांनी कोटावरची शी निरखून पाहिली. "घाण कसली? दूध पचलंय. जगतंय हे!"

द्वारकाबाई ताठ मानेने शेजारच्या खिडकीशी गेल्या.

"अहो, ऐकलंत का? आमच्या ठमीला नातू झाला! घुगऱ्या खायला या."