रविवारचा शर्ट

जिना चढताना तिने चपलांचा आवाज होऊ दिला नाही. आज मंगळवार होता आणि ती येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेच तर तिला हवं होतं.

कारखान्यात शिवून झालेले कपडे तपासायचं तिचं काम. वरून इस्त्री मारलेला शर्ट उलटा केल्याशिवाय त्याची शिवण कळत नाही, असं ती नव्या बायकांना सांगायची. अप्पा, म्हणजे तिचे वडील, राहत होते ती इमारत वरून अगदी झकास होती. एकट्या म्हाताऱ्यांना स्वतंत्र खोली, स्वतःची किल्ली, आणि अंघोळ, कपडे, औषधं बघायला एक सेविका. तिला सगळे मावशी म्हणत.

पहिल्याच महिन्यात लेकीने अप्पांची दाढी वाढलेली पाहिली होती आणि खाली ऑफिसात जाऊन रीतसर भांडण केलं होतं. तेव्हापासून दर रविवारी ती भेटायला यायची तेव्हा अप्पा खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसलेले असत. दाढी गुळगुळीत, भांग पाडलेला, शर्ट कडक, नखं कापलेली. नाव ठेवायला जागा नाही. आणि तेच तिला खुपत होतं.

कारण अप्पा बोलत नव्हते. जन्मभर बस चालवलेला माणूस. एकेका घाटाची गोष्ट सांगता सांगता सगळ्यांची ताटं गार करणारा. तो आता हो आणि नाही एवढ्यावर आला होता. काही विचारलं की आधी मावशीकडे बघायचा. एकदा तिने प्रेमाने खांद्यावर हात ठेवला, तर विंचू चावल्यासारखा दचकला. कुणी काही करतं का तुम्हाला, असं तिने त्यांच्या कानाशी लागून विचारलं. अप्पांनी मान हलवली आणि पुन्हा मावशीकडेच पाहिलं.

नवरा म्हणाला, कुणी दुधात साखर टाकली तरी तू आधी त्यात पाणी शोधशील. पण तिच्या मनात पाल चुकचुकायची थांबेना. रविवारी नटवून बसवतात. मग बाकीचे दिवस काय करतात?

दार नुसतं लोटलेलं होतं. तिने ते ढकललं.

अप्पा पलंगावर आडवे होते. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. केस विस्कटलेले. अंगात एक विटका सदरा, त्याची बटणंसुद्धा उघडी. मावशी ओलं फडकं हातात घेऊन चटकन उठली आणि पलंगापुढे आडवी उभी राहिली, काही झाकायचं असावं तशी.

मग लेकीने मागचंपुढचं पाहिलं नाही. भर दुपारी माणूस असा ठेवतात का, लेकीला दाखवायला एक दिवस आणि बाकी आठवडा रामभरोसे का, असं मनात साठलेलं सगळं तिने मावशीच्या अंगावर ओतलं. मावशी फक्त अप्पांकडे बघत राहिली. आत्तासुद्धा नजरेनेच दम देतेय, असं लेकीला वाटलं. आता काय ते खाली ऑफिसातच बोलू, असं म्हणून ती दाराकडे वळली.

"थांब पोरी," अप्पा म्हणाले. "तिने काही केलेलं नाही. तुला सांगायचं नाही, असं मीच तिच्याकडून कबूल करून घेतलंय."

अप्पांनी मग सावकाश सगळं सांगितलं. खांद्यात आणि कमरेत आता हाडाला हाड घासत होतं. गोळ्यांनी होईल तेवढं होत होतं. बाहीत हात घालायचा म्हणजे डोळ्यांत पाणी. दाढीला मान ताठ धरायची म्हणजे ब्रह्मांड आठवायचं. म्हणून मावशी रोज त्यांना निजल्या जागीच, सोसेल तसं पुसून काढायची. रविवारी मात्र ते हट्टाला पेटायचे. अंघोळ, दाढी, शर्ट, खुर्ची, सगळं दात खाऊन. मावशी नको नको म्हणायची, पण ते ऐकत नसत. एकदा खुर्चीत बसलं की तोंड उघडायची भीती वाटायची, कारण शब्दाऐवजी कण्हणंच बाहेर पडलं असतं.

"आणि तिच्याकडे बघत होतात ते?"

"अजून किती वेळ बसायचं, एवढंच विचारत होतो."

ती भिंतीला टेकली. हे सगळं कशासाठी, असं तिने विचारलं.

"त्या दिवशी तू भांडून वर आलीस आणि इथे बसून रडलीस. तुम्हाला इथे ठेवून मी पाप केलं म्हणालीस. मला वाटलं, मी नीटनेटका दिसलो, तर तुझ्या जिवाला घोर राहणार नाही."

मावशी फडकं पिळायला मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. लेकीने खिडकीपाशी असलेली खुर्ची बाजूला सारली आणि पलंगाशी खाली बसली, अप्पांना मान वळवावी लागू नये अशी. थोड्या वेळाने अप्पांनी आपणहून एका घाटाचं नाव काढलं. गाडीचे ब्रेक, धुकं, मागच्या बाकांवर झोपलेली वरात. गोष्ट तिने लहानपणापासून ऐकलेली होती, तरी गोष्टीतला नवरदेव गाडी ढकलायला उतरला तेव्हा दोघं हसले. मावशी चहा घेऊन आली. तिने मावशीचा हात धरून ठेवला, आणि मावशीनेच चहा निवतोय म्हणून तिला सोडवलं.

दिवे लागले तेव्हा ती उठली. दारापाशी सवयीने बोलून गेली, "येते अप्पा. रविवारी भेटू."

अप्पा हळूच म्हणाले, "रविवारी नको पोरी. अशीच ये, न सांगता."