आप्पांच्या हातचं पाणी

"आप्पा, टबाच्या पाण्याला हात लावू नका. कंपनीचा माणूस येऊन बघेल," असं वडिलांना बजावून हेमंत बायकोपोरांना घेऊन बालीला गेला.

पाच दिवस झाले तरी तो माणूस उगवला नाही. आप्पांनी गच्चीवरच्या त्या गरम पाण्याच्या टबाचं झाकण उचललं, तर पाणी हिरवट आणि कडा बुळबुळीत. त्यांनी लेकाला फोन लावला.

"तो गावचा हौद नाही, आप्पा! तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

आप्पांची कानशिलं तापली. एकतीस वर्षं ग्रामपंचायतीच्या टाकीत पावडर टाकली, गावात एकदाही जुलाबाची साथ येऊ दिली नाही, आणि पाण्यातलं कळत नाही म्हणे!

त्यांनी पेटीतून पाणी तपासायची काचेची नळी काढली, बाजारातून ब्लीचिंग पावडर आणली. पावडर बादलीत कालवून चुना तळाशी बसू दिला आणि वरचं निवळ पाणी तेवढं टबात ओतलं. गाळणी घासून काढली. रोज सकाळी नळीतल्या पाण्यात औषधाचे दोन थेंब टाकून, पावडर पुरेशी झाली का हे सांगणारा रंग पाहिला. चौथ्या दिवशी तो हवा तसा फिकट पिवळा आला आणि टबाचा तळ लख्ख दिसू लागला.

हेमंत परतला तो बॅगा टाकून थेट गच्चीवर आला. टबात आप्पा गळ्यापर्यंत बुडून बसले होते, बंडीसकट.

"वा! माणूस चोख काम करून गेला की," म्हणत तो पाण्याकडे वाकला.

"माणूस गेलेला नाही, इथंच बसलाय." आप्पा जागचे हलले नाहीत. "पाण्याला हात लावू नकोस. आधी पाय धुऊन ये."