टेकलेला गुडघा

"गुडघा टेकला? पैलवानाच्या घरातल्या पोरानं?" नातवाचा शेवटचा सामना बघायला कोल्हापूरहून अमेरिकेत आलेले आबा ताडकन उठले.

मैदानात माझा लेक, छोट्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, चेंडू छातीशी धरून एका गुडघ्यावर बसला होता.

"आबा, हरला नाही तो. सामना जिंकल्यात जमा आहे; या खेळात गुडघा टेकला की डाव थांबतो, घड्याळ मात्र चालू राहतं. नुसता वेळ संपवतोय. आणखी एक फेक साधली असती तर कॉलेजचा विक्रम त्याच्या नावावर लागला असता. पण चीत झालेल्याला पुन्हा आपटायचं नसतं, हे तुम्हीच सांगायचात ना?"

आबा खाली बसले. चार वर्षं पोरानं याच मैदानावर हाडं मोडून घेतली होती, आणि पुढे कुठलाच मोठा संघ त्याला बोलावणार नव्हता. नाव मागे राहिलं असतं ते या विक्रमानेच.

भोंगा वाजला. घामाने निथळणारा पोरगा धावत आला आणि पाया पडायला वाकला. आबांनी त्याला दंडाला धरून सरळ उभं केलं.

"आज एकदा गुडघा टेकलायस, तेवढं बास," ते म्हणाले, आणि स्वतःचा फेटा उतरवून त्यांनी त्याच्या डोक्यावर ठेवला.